कोपऱ्यातली पिन

१

टँकरवाल्याने दुधाच्या कूलरचं झाकण उचललं आणि लगेच खाली ठेवलं. मग तो अंगणातल्या पेरूखाली जाऊन उभा राहिला, मर्तिकाच्या घरी आलेला माणूस उभा राहतो तसा.

शिंपणेवाड्याच्या दूध संस्थेतलं सगळं दूध नासलं होतं.

धारगळला हायवे सोडून आत वळलं आणि काजूच्या बागा मागे टाकल्या की शिंपणेवाडा लागतो. दारात गाय नाही असं घर तिथे सापडायचं नाही. वाड्यावरच्या बायांनी आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळ-दुपार पिळलेलं दूध योगेश गवसाने नळ उघडून गटारात सोडलं, तेव्हा ते खाली माडांपर्यंत पांढरं वाहत गेलं. विमला कॅन हातात धरून ते बघत राहिली. तिची एकच गाय, आणि तीही नुकतीच व्यालेली.

ऑफिसच्या दारात गौरवी उभी होती. खांद्यावर तिची बायू, पाच महिन्यांची, सासूच्या पोपटी काठाच्या जुन्या लुगड्यातून शिवलेल्या दुपट्यात गुंडाळलेली. अंगणात एवढे आवाज चढले होते आणि बायू झोपलेलीच होती. कूलरची मोटर भिंतीपलीकडे धडधडत असतानाच ही पोर मोठी होत होती. तिला उठवायचं तर भूकच हवी.

"मेसेज येवक नाय म्हणतंस?" चेअरमन रघुनाथ परब योगेशला विचारत होते. सगळे त्यांना रघुनाथबाब म्हणत.

"नाय येवक, बाब. फोन बघा माजो."

"फोनातलो मेसेज काय पुसूक येणा नाय?"

योगेशने फोन खिशात टाकला. तो दोडामार्गकडचा, कूलर सांभाळायला ठेवलेला. रस्त्यापलीकडे संस्थेच्याच खोलीत तो आणि त्याची बायको रूपाली राहत. रूपालीचे दिवस भरत आले होते, आणि अशा वेळी नोकरी गेली तर खोलीही जाणार हे वाड्यावर कोणाला सांगायला नको होतं.

दूध तापू लागलं की योगेशला कळावं म्हणून म्हापशाच्या कॉम्प्युटरवाल्या ओंकारने एक सोय करून दिली होती. कूलरवर एक डबा, डब्यातून निघालेली तार ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे, सिरियल पोर्टात. दुपारी काम नसताना कॉम्प्युटर झोपलेला असे, त्याचा पिवळा दिवा तेवढा श्वास घेतल्यासारखा उजळे-मालवे. दूध तापलं की डबा त्या तारेतून त्याला हाक मारायचा. कॉम्प्युटर एक भसाडी शिटी देऊन जागा व्हायचा आणि योगेशच्या फोनवर मेसेज टाकायचा.

त्या दुपारी वरच्या वाड्यावरचं कोमट दूध नुकतंच ओतून झालं होतं. लाईट गेली, आली, आणि कूलरचा स्विच पडला. कॉम्प्युटर तेवढा बॅटरीवर तगून होता. वैशाखातलं ऊन, जुना कूलर. हाक मारायची वेळ असलीच तर ती हीच होती.

"कॉम्प्युटर चालू केलंय मी," रघुनाथबाब म्हणाले. "कूलर किती तापलोसा तो आकडो बरोबर दाखयता. म्हणजे तार जाग्यार आसा. तार आसा म्हणजे मेसेज गेलो. आणि तू निजलंस."

मग ते दाराकडे वळले.

"गौरवी, दुपारभर तू हयच होतंस. कॉम्प्युटर जागो झालो काय नाय?"

गौरवी संस्थेचं लिहिण्याचं काम बघत असे. बाळंतपणानंतर बायूला ऑफिसात आणायची परवानगी रघुनाथबाबांनीच दिली होती, एका अटीवर. एक वाजता सगळा वाडा जेवून आडवा होतो तेव्हा तिने ऑफिसात जागं बसायचं.

"माका काय कळाक नाय," ती म्हणाली.

ते खरं होतं. टेबलावर डोकं टेकून ती गाढ झोपली होती.

"झाला मगे," रघुनाथबाब म्हणाले. "उद्या सकाळी सभा. योगेश, सामान बांधूक लाग."

२

रात्री बायूला घेताना, सकाळी भाकरी थापताना गौरवीच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. ती शिटी वाजली असती तर आपण उठलो असतो. एरवी उठतोच. दचकून, छाती धडधडत, तोंडातली लाळ पुसत. म्हणजे काल ती वाजलीच नाही. योगेश खरं बोलतोय, आणि हे ठाऊक असलेलं माणूस जगात एकच आहे. पण ते सांगायचं तर आधी स्वतःच्या झोपेचं सांगावं लागणार.

सभा दहाची होती. विमलाची गाय बसली ती उठेना आणि डॉक्टर यायला वेळ लागला, म्हणून रघुनाथबाबांनी ती दुसऱ्या दिवसावर ढकलली. गौरवीला एक दिवस मिळाला. आपल्याला तो देवाने दिला की गायीने, हे तिला कळेना.

ओंकार मोटारसायकलवरून आला. खुर्चीत बसून त्याने दहा बटणं दाबली. योगेशला कूलर बंद करायला लावला, चालू करायला लावला. पडद्यावरचा आकडा चढला आणि उतरला.

"सगळं ठीक आहे, वहिनी. प्रोग्रॅमला कोणी हात लावलेला नाही, पासवर्ड माझ्याचकडे असतो. तार बोलतेय."

"मेसेज कोणाकोणाला जातो?"

"एकट्या योगेशला. आधी रघुनाथबाबांनाही जायचा." ओंकार हसला. "पहिल्याच आठवड्यात मला फोन. म्हणाले, ओंकारा, माझा नंबर आधी काढ, दुपारचा डोळा लागला की तुझं भूत येऊन उठवतं."

तो गेल्यावर गौरवी रस्ता ओलांडून योगेशच्या खोलीवर गेली. रूपाली भिंतीला पाठ लावून बसली होती, पाय सुजलेले. समोर एक पत्र्याची पेटी उघडी होती, अर्धी भरलेली.

"बसा, वयनी. चाय ठेवतंय," ती उठायला लागली.

"तू उठू नको गो." गौरवी उंबऱ्यावरच टेकली. "योगेश, दुपारचं दूध ओतलं की रोज मेसेज यायचा ना तुला? कोमट दुधानं?"

"येयचो. दूध ओतला म्हणान इलो, असा समजान मी फोन उपडो ठेवायचंय. मागीर आपसूक गार जाता. दुसऱ्यांदा इलो तर मगे धावायचंय."

"आणि काल?"

योगेशने बायकोकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"वयनी, खरा सांगू? आठवडो झालो, दुपारचो मेसेज येवकच नाय. एक दिवस नाय. माका बरा वाटला. म्हटला, कूलर सुधारलो." तो थांबला. "इचारूक होया होता मी. पण निवांत झोप लागा होती."

गौरवी उंबऱ्यावरून उठली. आठवडाभर तीही दुपारी दचकून उठली नव्हती. तिलाही बरं वाटलं होतं. तिनेही विचारलं नव्हतं.

३

दुपारी वाडा आडवा झाल्यावर तिने बायूला झोळीत घातलं. सासू सुमंगला रोज जेवणाचा डबा आणि बायूला घेऊन येत, तिला पाजून झालं की झोळीला झोका देत बाकावर बसून राहत, आणि ऊन कललं की घरी जात. आज गौरवीने त्यांना लवकर पाठवलं होतं.

ओंकारचं कुठेतरी चुकत होतं. आकडा चढताना त्याने दाखवला, पण तेव्हा कॉम्प्युटर जागाच होता. जाग्या माणसाशी बोलणं वेगळं आणि झोपलेल्याला उठवणं वेगळं. डबा बसवला त्या दिवशी त्यानेच पोर्ट दाखवत सांगितलं होतं, "ह्या नऊ पिना बघा. बोलायचं काम ह्या मधल्या करतात. उठवायचं काम हिचं एकटीचं, खालच्या ओळीतल्या ह्या कोपऱ्यातल्या पिनेचं. पूर्वी टेलिफोनची घंटा आली की हिच्यातूनच कॉम्प्युटरला कळायचं."

गौरवीने कॉम्प्युटर झोपवला. पिवळा दिवा उजळू-मालवू लागला. मग कूलरच्या डब्याची, दूध किती तापलंय ते मोजणारी सुई तिने काढली आणि बायूसाठी थर्मासात ठेवलेल्या गरम पाण्यात बुडवली.

शिटी वाजली नाही. दिवा आपल्या लयीत श्वास घेत राहिला.

टेबल भिंतीला लावलेलं होतं. पाठीमागे हात घालायला जागा एकाच बाजूने, झोळीच्या कोपऱ्यातून, आणि तीही बाकावर बसून अंग वळवलं तरच. रघुनाथबाबांचं पोट तिथे शिरलं नसतं. योगेश दुधाच्या ओल्या हातांनी ऑफिसात यायचाच नाही, उंबऱ्यावरून बोलायचा. ओंकारने हात घातला असता तर तारेच्या टोकाचे दोन स्क्रू तो घट्ट पिळून गेला असता. बसवताना त्याने ते पेचकस लावून पिळले होते.

गौरवीने चाचपलं. दोन्ही स्क्रू सैल होते, नखाने फिरतील असे.

तिने तार ओढली. ती सहज निघाली, रोज निघायची सवय असल्यासारखी. मोबाईलच्या उजेडात तिने पोर्टात बघितलं. आठ पिना ताठ उभ्या होत्या. खालच्या ओळीतली कोपऱ्यातली पिन वाकून आडवी झोपली होती. न बघता, अंदाजाने, कोणीतरी तार पुन्हापुन्हा आत रेटली होती.

म्हणजे कोणीतरी रोज दुपारी तार काढत होतं आणि ऊन कलताना परत घालत होतं. म्हणून कोणी बघायला येई तेव्हा सगळं जाग्यावर.

मग तिला तारेच्या गळ्याशी बांधलेलं काहीतरी दिसलं. मागे चार तारा एकसारख्या काळ्या होत्या. काढलेली तीच परत घालता यावी म्हणून कोणीतरी तिला खूण बांधली होती. कापडाची बोटभर चिंधी.

चिंधीला पोपटी काठ होता.

झोळीत बायू हसली, झोपेत.

४

सुमंगला स्वयंपाकघरात आडोळीवर बसून नारळ खवत होत्या. चिंध्या, दोऱ्या, फुटक्या बरण्यांची झाकणं, काहीही फेकून न देणारी बाई. सुनेशी बोलायच्या त्या कामापुरतं. मीठ कमी झालं, बायूचं अंग गरम लागतंय, पाऊस येतोय कपडे काढ. लग्नाला तीन वर्षं होत आली, तरी गौरवीला वाटायचं की आपण या घरात अजून पाहुणीच आहोत.

तिने चिंधी त्यांच्यासमोर ठेवली. सुमंगलांनी ती बघितली आणि खवणं थांबवलं नाही.

"तार तुम्ही काढायचात, आई?"

"व्हय."

"कित्याक?"

"वराडता ता." त्यांनी करवंटी फिरवली. "दुपारची वेळ. माणूस जेवलेला असता. मी काय मोडूक नाय तुमचा, निघताना परत घालायचंय."

"बाळाची झोप मोडते म्हणून ना?" गौरवीचा आवाज नको तितका चढला. "मला सांगायचंत. मी तिला घरी ठेवलं असतं. आई, काल ती तार आत असती तर दूध राहिलं असतं. योगेशला काढतायत. सामान बांधतोय तो."

आडोळीवरचा हात थांबला.

"योगेशाक? ता कूलर बिघडला म्हणान नासला ना?"

"कूलरने हाक मारली असती. हाक मारायची तार तुम्ही काढली होती."

सुमंगलांनी करवंटी खाली ठेवली. पदराने त्यांनी एक एक बोट पुसलं.

"बाळाची म्हणतंस," त्या म्हणाल्या. "बाळ खंय उठता गो? मोटर धडधडता, लोक भांडतत, ता हालता तरी? ढोल वाजयलो तरी उठाचा नाय ता."

गौरवी त्यांच्यासमोर खाली बसली.

"उठा होतंस तू. रातभर पोर अंगार, सकाळी माजी भाकरी, मगे थंय जावन लिवणा. टेबलार डोक्या टेकलंस की घडीभरान ता वराडता, आणि तू अशी उठा होतंस..." सुमंगलांनी दोन्ही हात छातीशी नेऊन दाखवले. "कोणी मारूक इल्यासारखी. माका बघवना नाय."

"माझ्यासाठी?"

"मी बाळंतीण होतंय तेवा माका कोणी निजाक दिला नाय," सुमंगला खोबऱ्याकडे बघत म्हणाल्या. "आता जा. आमटी लावची आसा."

गौरवी मागच्या पडवीत जाऊन बसली. सगळं तिने बरोबर जुळवलं होतं, स्क्रू, पिन, चिंधी. एवढंच हुकलं होतं. तिच्यावर कोणी माया करत असेल हे तिने धरलंच नव्हतं.

आणि आता तिला उद्या सभेत उभं राहून त्या मायेचं नाव सांगायचं होतं.

५

सभा कूलरशेजारच्या शेडमध्ये भरली. योगेश खांबाला टेकून उभा होता. रघुनाथबाब ठराव वाचणार तेवढ्यात गौरवी उठली.

"आधी पाच मिनिटं ऑफिसात या सगळी."

दारात, खिडकीत माणसं दाटली. तिने कॉम्प्युटर झोपवला, सुई गरम पाण्यात घातली. पिवळा दिवा उजळला, मालवला. शिटी वाजली नाही.

"हा आता जागा व्हायला हवा होता," ती म्हणाली. मग केसांतली पिन काढून बाकावरून वळली, हात पाठीमागे घातला, तार काढली आणि वाकलेली कोपऱ्यातली पिन हळूहळू सरळ केली. तार लावली, स्क्रू पिळले. सुई पुन्हा पाण्यात.

शिटी एवढ्या जोरात वाजली की विमलाने कानावर हात ठेवला. पडदा उजळला. दारातून योगेशच्या खिशातला फोन टुणकन वाजला.

"योगेशला मेसेज गेलाच नव्हता," गौरवी म्हणाली. "रोज दुपारी तार निघत होती. ती माझ्यासाठी निघत होती. मला जागं बसायला सांगितलं होतं आणि मी झोपत होते. परवाही झोपले होते. शिटी वाजली नाही हे मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी सांगितलं नाही. काढायचं तर मला काढा."

"तार तू काडलंस?" रघुनाथबाबांनी विचारलं.

गौरवीने तोंड उघडलं. हो म्हणायचं तिने रात्रीच ठरवलं होतं.

"तिणा नाय. मी काडलंय." माणसांच्या मागून सुमंगला पुढे आल्या, काखेत बायू. "तिका म्हायतच नव्हता. काय बोलायचा ता माका बोला. आणि योगेशा," त्या त्याच्याकडे वळल्या, "माका वाटला मी परत घातलंय म्हणजे झाला. तुजा नाव गेला माज्यापायी."

योगेश गोंधळून म्हणाला, "तसा काय नाय, आये."

"सुमंगलावयनी, असा कसा केलास?" रघुनाथबाब म्हणाले. "सगळ्या वाड्याचा दूध गेला. एका बायलमाणसाच्या झोपेपायी?"

मग विमला पुढे सरली. तिचं दूध गेलं होतं, गाय अजून उभी राहत नव्हती, आणि तिला कोणाची भीड उरली नव्हती.

"रघुनाथबाब, तुमच्या फोनार पण मेसेज येयचो ना? तो खंय गेलो?"

रघुनाथबाबांनी ओंकारला शोधल्यासारखं इकडेतिकडे बघितलं. ओंकार म्हापशाला होता. गौरवी त्यांच्याकडे बघत राहिली, आणि त्यांना कळलं की हिला ठाऊक आहे.

"तो..." ते म्हणाले. कानशिलापर्यंत लाल झाले. "तो मीच काडूक लायलो. दुपारचो."

मग ते खुर्चीत बसले. हातातला ठरावाचा कागद त्यांनी दुमडला, पुन्हा दुमडला, एवढासा करून खिशात घातला.

"योगेश ऱ्हवतलो," ते म्हणाले. "माजो नंबर परत घाल म्हणान सांगतंय ओंकाराक."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दूध काही परत येणार नव्हतं. बाया आपापले कॅन उचलून पांगल्या. जाताना कोणी सुमंगलांशी बोललं, कोणी बोललं नाही. रूपालीने मात्र संध्याकाळी बायूसाठी एक टोपरं पाठवलं. ते हातात घेऊन गौरवी किती तरी वेळ तशीच उभी होती. त्यापेक्षा शिव्या आल्या असत्या तर हलकं वाटलं असतं.

दुसऱ्या दुपारी डबा घेऊन सुमंगला आल्या. बायूला पाजून झालं, झोळीत घालून झालं. पण त्या बाकावर बसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटरसमोर, त्या पिवळ्या दिव्याकडे तोंड करून बसल्या.

"नीज तू," त्या म्हणाल्या. "मी जागी आसंय."

गौरवीने टेबलावर डोकं टेकलं. डोळे मिटले. भिंतीपलीकडे मोटर धडधडत होती, आणि ती त्या धडधडीवर कान लावून पडून राहिली.

वरच्या वाड्याचं दूध आलं, कूलरमध्ये ओतलं गेलं. थोड्या वेळाने शिटी वाजली. गौरवीने डोळे उघडले. सुमंगला तिच्याचकडे बघत होत्या.

"झोपूक नव्हतंस," त्या म्हणाल्या.

"नाय, आई."

झोळीत बायूचं बोटही हललं नव्हतं.